आत आहे का बघ

आर्डिथ क्रोकरच्या निळ्या एसयूव्हीला आमच्याकडे सगळे ‘भाजीची गाडी’ म्हणतात. नाव ठेवलं शेजारच्या डेल्मर हाऊगनं. त्याच्याकडे दुसरं काही कामच नाही. दिवसभर पिकअपमध्ये बसून या कुरणातून त्या कुरणात फिरायचं आणि दिसेल त्याला नावं ठेवायची. पण खरं सांगायचं तर या नावावर हसलो आम्ही सगळेच. कॅन्ससच्या या गवताळ टेकड्यांत ज्याच्याकडे घोडा, त्याच्याकडे पिकअप असायचीच. एसयूव्ही म्हणजे शाळेतली पोरं आणायची, दुकानातून दूध-अंडी आणायची गाडी. तिच्या मागे घोड्याचा ट्रेलर जोडलेला बघून पहिल्या दिवशी पेट्रोलपंपावरचा माणूस हातातली नळी विसरून बघत राहिला होता.

आर्डिथच्या नवऱ्याकडे, व्हर्लिनकडे, होती की पिकअप. डिझेलची, दांडगी, दार उघडून आत चढायचं तर दांडी धरून लटकावं लागे. मागे पोलादी ट्रेलर, तोही तसलाच. त्या पिकअपला मागे एक घोडा असला काय, चार असले काय, आणि एकही नसला काय, सगळं सारखंच. इंजिनाचा आवाजसुद्धा बदलायचा नाही. म्हणून व्हर्लिनची एक सवय होती. पंपावर थांबला, दुकानाशी थांबला, कुठेही थांबला की काच खाली करायचा आणि आपल्या घोगऱ्या आवाजात म्हणायचा, “आर्डिथ, आत आहे का बघ.”

मग आर्डिथ दांडी धरून खाली उतरायची, मागे जायची, ट्रेलरच्या खिडकीतून हात आत घालायची. तळव्यावर ऊन ऊन श्वास आला की परत येऊन सांगायची, “आहे.” सगळा संसार असा झाला तिचा. मागच्या सीटवर बसलेला त्यांचा मुलगा ब्रेंट लहानपणी बापाची हुबेहूब नक्कल करायचा. घरात बिस्किटाचा डबा उघडायचा झाला तरी आधी घोगऱ्या आवाजात, “आर्डिथ, आत आहे का बघ.” हसून हसून पुरेवाट व्हायची तिघांची.

व्हर्लिनला जाऊन दोन हिवाळे झाले. आर्डिथच्या खुब्याचं हाड कुरकुरायला लागलं होतं, त्या उंच पिकअपमध्ये चढताना तिच्या डोळ्यांत पाणी यायचं. ब्रेंट कॅन्सस सिटीहून आला आणि पिकअप विकून तिला नवी गाडी घ्यायला घेऊन गेला. सीट किती उंच, मागचं दिसतं का, थंडीत काच गरम होते का, सगळं त्यानं विचारलं. आर्डिथनं दुकानदाराला एकच प्रश्न विचारला.

“मागे किती ओढते ही?”

ब्रेंट हसला. “आई, तुला आता काय ओढायचंय?”

आर्डिथ काही बोलली नाही. तिचं हे नेहमीचंच. वाद घालायचा नाही, तोंडातून शब्द काढायचा नाही, आणि शेवटी करायचं तेच जे मनात आहे. दोन महिन्यांनी तिनं पोलादी ट्रेलर देऊन टाकला आणि त्याच्या बदल्यात ॲल्युमिनियमचा हलका, दोन घोड्यांचा छोटा ट्रेलर आणला. ट्रेलरचे ब्रेक वेगळे लावता यावेत म्हणून स्टिअरिंगखाली एक बटण बसवून घेतलं. मग मोकळ्या कुरणात रिकामा ट्रेलर जोडून रोज उलटा घ्यायचा सराव. सुरुवातीला ट्रेलर भलतीकडेच जायचा. डेल्मर कुंपणाला टेकून बघत बसायचा. “आर्डिथ, ती डावीकडे वळवलीस की तो उजवीकडे जाणार,” तो सांगायचा. “तुझी बायको सांगते ते तू करतोस का कधी?” आर्डिथ म्हणायची. “तसंच आहे हे.”

हे सगळं कुणासाठी? नटमेगसाठी. नटमेग म्हणजे आपलं जायफळ. घोडीचा रंगही तसाच, तपकिरी, उन्हात सोनेरी झाक मारणारा. म्हातारी झालेली, पाठ जराशी खोलवर गेलेली, पण स्वभावानं इतकी समजूतदार की तिच्यापुढे आमच्यातली अर्धी माणसं आडमुठी ठरावीत. व्हर्लिन गेल्यावर आर्डिथ पहाटे उठायची ती या घोडीसाठी. नाहीतर उठून करायचं काय, असं तिनं एकदा लवोनला, म्हणजे डेल्मरच्या बायकोला, बोलून दाखवलं होतं.

गेल्या हिवाळ्यात नटमेगचं पोट दुखलं. घोड्याचं पोटदुखणं म्हणजे हसण्यावारी न्यायची गोष्ट नाही. वेळेत डॉक्टरकडे नेलं नाही तर खेळ खलास. तेव्हा आर्डिथचा नवा ट्रेलर आलेला नव्हता. डेल्मर धावून आला, त्यानंच आपल्या ट्रेलरमधून घोडी नेली. घोडी वाचली. पण ही हकीकत ब्रेंटच्या कानावर गेली.

“डेल्मरकाका नसते तर?” तो फोनवर म्हणाला. “आई, हलवता येत नाही असं जनावर ठेवायचं नसतं. बाबाच म्हणायचे ना?”

“मला हलवता येतं.”

“त्या गाडीनं?”

“त्याच गाडीनं. तूच घेऊन दिलीस.”

शेवटी मायलेकांचं ठरलं ते असं. ऑक्टोबरात वर्षातला शेवटचा फेरफटका असतो, सगळे घोडेवाले तळ्यावर जमतात, दिवसभर टेकड्यांतून हिंडतात, घरून आणलेलं मिळून खातात. आर्डिथनं नटमेगला एकटीनं तिथे न्यायचं, एकटीनं परत आणायचं. ब्रेंट घरी येऊन थांबणार. पाचच्या आत घोडी अंगणात उतरली तर पुन्हा विषय काढायचा नाही. नाही उतरली, तर दुसऱ्या दिवशी डेल्मर येऊन तिला आपल्या तबेल्यात घेऊन जाईल. डेल्मरनं तर एक खण झाडून, गवत पसरून तयारसुद्धा ठेवला होता. वाईट माणूस नाही तो. पण त्यानं खण झाडला हे ऐकून आर्डिथला त्याचा जो राग आला, तो तिनं लपवला नाही. आठवडाभर त्याला कॉफी दिली नाही.

शनिवारी सकाळी ब्रेंट अंगणात उभा राहून बघत होता. आर्डिथनं गाडी मागे घेतली, ट्रेलरचं तोंड गाडीमागच्या जोडायच्या लोखंडी गोळ्यावर बरोबर बसवलं, साखळ्या एकमेकींवरून आडव्या घेऊन अडकवल्या, दिवे तपासले. नटमेगला डाव्या खणात चढवलं.

“उजवा का नाही?” ब्रेंटनं विचारलं.

“रस्ता मधे उंच असतो, आणि आपण चालतो त्या उजव्या कडेला उतरता. एकच घोडा असला की डावीकडे. नाहीतर सगळं वजन उतारावर झुकतं. बापाबरोबर एवढा हिंडलास, बघितलं नाहीस कधी?”

“मी झोपायचो,” ब्रेंट म्हणाला.

दक्षिणेचा वारा सुटला होता, आमच्याकडे तो कधी नसतो म्हणा. तांबूस गवत एका अंगाला आडवं झालेलं. आर्डिथनं दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरलं आणि आपली सावकाश निघाली. मागून येणाऱ्यांना वाट देत, चढावर गाडीला दम देत, उतारावर आधी ट्रेलरचा ब्रेक आणि मग गाडीचा. आणि मधूनमधून सीटला एक हलकासा धक्का बसायचा, कुणी पाठीला बोट लावून ‘आहे गं मी’ म्हणावं तसा. नटमेगनं पाय बदलला की तो धक्का यायचा. डिझेलच्या पिकअपमध्ये हे कधी कळलंच नव्हतं. आर्डिथला त्या भाजीच्या गाडीचं सगळ्यात जास्त आवडायचं ते हेच, पण ती कुणाला सांगायची नाही. सांगितलं असतं तर डेल्मरनं त्याचीही टिंगल केली असती.

तळ्यावर दिवस मजेत गेला. डेल्मर आपल्या सेनेटरवर बसून सगळ्यांच्या पुढे. सेनेटर म्हणजे त्याचा काळा घोडा. डोंगराएवढा, दिसायला रुबाबदार, आणि एकटं राहायची वेळ आली की लहान मुलासारखा घाबरट. दुपारी सगळ्यांनी झाडांमध्ये दोऱ्या बांधून घोडे अडकवले आणि जेवायला बसले. आर्डिथनं बीरॉक, म्हणजे कोबी आणि खिमा भरलेले पाव, भाजून आणले होते, लवोननं जंगली आलुबुखारांचा केक पाठवला होता. वाऱ्यानं डेल्मरच्या ट्रेलरचं मागचं दार धाडधाड आपटत होतं. दोनदा आपटलं, तिसऱ्यांदा आपटलं, तेव्हा डेल्मर केकचा तुकडा हातात घेऊनच उठला, दार लावलं, कडी घातली आणि परत येऊन बसला. आर्डिथनं ते पाहिलं. त्यात काय पाहायचं? या वाऱ्यात सगळेच दारं लावतात.

निघायची वेळ झाली. आर्डिथ मुद्दामच मागे राहिली. चढावर आपल्यामागे कुणाची रांग नको म्हणून. झाडांच्या या बाजूला तिनं नटमेगला चढवलं, कडी लावली. तेवढ्यात डेल्मर पिकअपमधून जाता जाता काच खाली करून ओरडला.

“मी पुढे जातो, ब्रेंटला सांगतो निघालीस म्हणून. उतारावर जपून गं. भाजी सांडशील.”

“तू तुझं बघ,” आर्डिथ म्हणाली.

धूळ उडवत तो गेला. तिनं एकदा चाकं पाहिली, साखळ्या पाहिल्या, गाडीत बसली. चार वाजले होते. निवांत पोचणार होती. किल्ली फिरवणार तोच झाडांच्या पलीकडून घोडा खिंकाळला. आत नटमेगनं उत्तर दिलं. आर्डिथ थबकली. सगळे तर गेले होते.

ती उतरून पलीकडे गेली. दोरीला सेनेटर बांधलेला. एकटा. डोळे पांढरे, मान वर, दोरीला हिसके देतोय.

तिला उलगडायला वेळ लागला नाही. दार उघडं म्हणजे घोडा बाहेर, दार बंद म्हणजे घोडा आत. जन्मभर डेल्मर हेच बघत आला. दुपारी वाऱ्यासाठी स्वतःच लावलेलं दार निघताना बंद दिसलं, आणि हा गेला पिकअप घेऊन. त्या राक्षसी इंजिनाला काय कळणार मागे कोण नाही ते?

तिनं फोन काढला. तळ्याच्या त्या खोलगट जागेत फोन कधी लागला होता, जो आता लागेल? टेकडीवर चढून बघावं तर इकडे सेनेटर दोरी तोडायच्या बेतात. तुटली की तो धावत सुटणार आणि सरळ मोठ्या रस्त्यावर जाणार.

मग तिच्या मनात आलं ते साहजिकच होतं. ट्रेलर दोन घोड्यांचा. उजवा खण रिकामा. सेनेटरला त्यात घालायचं आणि निघायचं. पाचच्या आत घर, घोडी आपली, वर डेल्मरचं नाक कापलेलं. तिनं सेनेटरला सोडलं, ट्रेलरपर्यंत आणलं, दाराची कडीसुद्धा काढली. आणि तिथेच उभी राहिली. ओढेल, गाडी ओढेल दोघांना, रडतखडत का होईना. पण पुढच्या लांब उतारावर थांबवेल का? दुकानदारानं सांगितलेला आकडा तिला आपल्या फोन नंबरासारखा पाठ होता, आणि नटमेग अधिक सेनेटर त्याच्या बाहेर जात होते.

“नाही रे बाबा,” ती सेनेटरला म्हणाली. “तू जड आहेस, तुझा मालक हलका आहे.”

तिनं नटमेगला खाली उतरवलं आणि दोघांना शेजारी शेजारी बांधलं. नटमेगनं सेनेटरच्या खांद्याला नाक लावलं. तो दोन-चारदा फुरफुरला आणि गप्प झाला. आर्डिथनं घडीची खुर्ची काढली, उरलेला केक मांडीवर घेतला आणि बसली. पाच वाजले. तिला खूप वाईट वाटलं. शब्द दिला होता, शब्द गेला. आता ब्रेंट तोंडानं काही म्हणणार नाही, पण उद्या घोडी जाईल. डेल्मरच्या त्या झाडलेल्या खणात. तिनं केक खाल्ला, कारण तो चांगला झाला होता, आणि रडली पण. वारा एवढा होता की गालावर काही टिकलं नाही.

इकडे घरी काय चाललं होतं ते तिला नंतर ब्रेंटनं सांगितलं. डेल्मर येऊन पायरीवर बसला, कॉफी मागितली. ब्रेंटनं विचारलंसुद्धा, “काका, घोड्याला उतरवायचं नाही का? केव्हाचा आत उभा आहे.” तर डेल्मर म्हणाला, “सेनेटर? अरे, तो आत झोपतो. आवाज येतोय का बघ काही?” आवाज काही येत नव्हता, हे खरंच. पाच वाजून गेले, मग साडेपाच. ब्रेंटचा चेहरा उतरला. डेल्मर उठला. “चल. उतारावर गेली असणार खड्ड्यात,” तो म्हणाला, आणि त्याच्याही आवाजात आता टिंगल नव्हती.

सूर्य टेकडीला टेकत होता तेव्हा ती पिकअप रिकामा ट्रेलर खडखडवत तळ्यावर आली. ब्रेंट गाडी थांबायच्या आधीच उतरला.

“आई, लागलं का कुठे?”

“मला काय होतंय?”

डेल्मर लगबगीनं आला. “गाडी बसली ना? मी सांगत होतो की नाही...”

“गाडीला काय धाड भरलीय,” आर्डिथ म्हणाली.

“मग इथे काय करतेस?”

“तुझा घोडा राखतेय.”

डेल्मरनं नटमेगकडे पाहिलं. नटमेगशेजारी पाहिलं. मग वळून आपल्या ट्रेलरकडे पाहिलं. तो चालत मागे गेला, कडी काढली, दार उघडलं आणि आत वाकून बघितलं. आत गवताचा भारा होता. बराच वेळ तो तसाच वाकून उभा राहिला. सेनेटर कोपऱ्यात कुठे बसला असेल अशी आशा असावी.

परत आला तेव्हा टोपी हातात होती. “दार बंद होतं,” तो म्हणाला.

“तूच लावलंस. केक खात खात.”

“दोन्ही घेऊन यायचे ना तुझ्या ट्रेलरमधून. वेळेत पोचली असतीस.”

“एक झेपतो मला. दोन नाही,” आर्डिथ म्हणाली. मग ब्रेंटकडे वळली. “पाच वाजून गेले. मला माहीत आहे.”

ब्रेंटनं खुर्ची घडी करून गाडीत ठेवली, नटमेगला चढवताना दार धरलं, डाव्या खणाचं, आणि आईशेजारी येऊन बसला. मागे डेल्मरनं सेनेटरला आत घातलं, दार लावलं, पुन्हा उघडलं, बघितलं आणि मग लावलं.

उताराच्या अलीकडे सीटला धक्का बसला. ब्रेंटनं दचकून दांडी धरली.

“काय झालं?”

“काही नाही. पाय बदलला तिनं.”

“इथे कळतं?”

“गप्प बसलास तर सगळं कळतं.”

तो गप्प बसला. उतारावर आर्डिथनं बटण दाबलं, मागून ट्रेलरनं हळूच लगाम ओढल्यासारखं धरलं, गाडी संथपणे खाली आली. पुलाजवळ पुन्हा धक्का. “बदलला,” ब्रेंट म्हणाला. पुढच्या वळणावर आणखी एक, आणि तो आर्डिथच्या आधी हसला.

फाटकाशी ती थांबली. डेल्मरनं पिकअप शेजारी आणून काच खाली केली. चेहरा तोंडात मारल्यासारखा, पण बोलायचं ते बोलला. “ब्रेंट, ठरलं होतं म्हणून विचारतो. खण झाडून ठेवलाय. उद्या कधी येऊ घोडी न्यायला?”

ब्रेंटनं आईकडे पाहिलं. आर्डिथनं समोर पाहिलं. हात स्टिअरिंगवर घट्ट.

“काका, खण असू दे,” ब्रेंट म्हणाला. “तुमचाच घोडा कुठे राहिला तर ठेवायला होईल.”

डेल्मरनं मान हलवली. “लवोनला सांगू नका रे कुणी.”

“मी सांगणार,” आर्डिथ म्हणाली. “उद्या ये कॉफीला, तेव्हा सांगते.”

तो गेला. फाटक उघडायला कुणी उतरलं नाही. इंजिन चालू होतं, वारा जरा पडला होता. मग ब्रेंटनं घसा खाकरला आणि घोगऱ्या आवाजात, बापाच्या आवाजात, म्हणाला, “आर्डिथ, आत आहे का बघ.”

दोन हिवाळे झाले होते ते वाक्य ऐकून. तिचे डोळे भरून आले आणि तिनं ते पुसले नाहीत. हात सवयीनं दाराकडे गेला होता, तो तिनं परत आणला.

“तूच सांग,” ती म्हणाली.

दोघं गप्प बसले. मागे नटमेगनं पाय बदलला.

“आहे,” ब्रेंट म्हणाला, आणि फाटक उघडायला उतरला.